बॉश, मकिता, डिवॉल्ट: ड्रिल मशीन घेताय, पण बॅटरी कुणाची?

बॅटरीवरचं ड्रिल मशीन घ्यायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं, की काउंटरवर बॉशचं निळं, मकिताचं हिरवट-निळं आणि डिवॉल्टचं पिवळं अशी तीन मशीनं पुढ्यात येतात. गिऱ्हाईक खोका उलटून आधी न्यूटन-मीटरचा, म्हणजे टॉर्कचा (पिळण्याच्या जोराचा) आकडा शोधतं. बॉश जीएसबी १८०-एलआय: ५४. मकिता डीएचपी ४८५: ५०. डिवॉल्ट डीसीडी ७७८: ६५. झालं, पिवळं पहिलं, निळं दुसरं, मकिता शेवटी.

हा आकडा असतो ‘हार्ड’ टॉर्कचा. लोखंडात जाणारा बोल्ट शेवटी एकदम टेकतो, त्या क्षणी बसणारा झटका. लाकडात स्क्रू जाताना झटका नसतो, भार हळूहळू वाढत जातो आणि मशीनला तो शेवटपर्यंत ओढावा लागतो. त्याचा आकडा माहितीपत्रकात ‘सॉफ्ट’ म्हणून वेगळा दिलेला असतो: बॉश २१, मकिता २७, डिवॉल्ट २६. प्लायवूडमध्ये दिवसभर स्क्रू मारणाऱ्यासाठी निकाल इथं उलटला. ५० वालं मकिता ५४ वाल्या बॉशच्या पुढं गेलं आणि ६५ वाल्या डिवॉल्टच्या पंगतीला बसलं. बॉशच्या या मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटर आहे, बाकीची दोन ब्रशलेस, म्हणजे बिनकार्बनची आहेत. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय तुलना करायची नाही.

दुसरा घोळ व्होल्टचा. दुकानात १८, २० आणि २१ व्होल्ट अशी तिन्ही लेबलं दिसतात आणि २१ वालं भारी वाटतं. तिन्हींत आत पाचच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून १८. पूर्ण चार्ज झाला की ४.२, म्हणून २१. डिवॉल्टचीच बॅटरी युरोपात १८ व्होल्ट एक्सआर म्हणून विकली जाते आणि अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून. १२ व्होल्टच्या छोट्या मशीनमध्ये तीन सेल असतात, खरा दाब १०.८. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या सेटवर ४८, ८८, अगदी १२८ ‘व्हीएफ’ असं छापलेलं असतं. बॅटरी उघडली तर आत तेच पाच सेल. ‘व्हीएफ’ हे कसलंही मोजमाप नाही, आकडा मोठा दिसावा म्हणून चिकटवलेली दोन अक्षरं आहेत.

अमेरिकेतून पाहुण्यांनी आणलेल्या सेटबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. मशीन आणि बॅटरी इथं चालते, पण तिथला चार्जर साधारणपणे १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावला की आतला कपॅसिटर फुटतो. चार्जर इथलाच घ्यायचा.

मशीनपेक्षा बॅटरीचा निर्णय मोठा, कारण पुढची पाच-सात वर्षं तुम्ही त्याच बॅटरीला बांधले जाता. आज ड्रिल, उद्या इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारं मशीन), परवा ब्लोअर. नुसतं मशीन, बॅटरी-चार्जरशिवाय, बरंच स्वस्त पडतं, म्हणून एका घराण्यात राहण्यात फायदा. पण एकाच कंपनीतही घराणी वेगळी असतात आणि फसगत तिथंच होते. मकिताची ‘जी’ मालिका घ्या. एचपी ४५७डी हे ४२ न्यूटन-मीटरचं मशीन स्वस्तातला सेट म्हणून चांगलं खपलं. त्याची १८ व्होल्टची बॅटरी, बीएल १८१३जी किंवा १८१५जी, मकिताच्याच एलएक्सटी मालिकेच्या १८ व्होल्टच्या मशीनला बसत नाही. उलटही नाही. चार्जरही वेगळा. ज्याला एकच ड्रिल पुरणार आहे त्याला ४५७डी वाईट नाही, पण पुढं इम्पॅक्ट किंवा ग्राइंडर घ्यायचा विचार असेल तर सुरुवातच एलएक्सटीनं करावी. बॉशमध्ये निळी व्यावसायिक आणि हिरवी घरगुती मशीनं आहेत, त्यांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांना चालत नाहीत. डिवॉल्टची बाजू इथं भक्कम आहे. २०१६ साली आलेली त्यांची फ्लेक्सव्होल्ट बॅटरी मोठ्या ५४ व्होल्टच्या मशीनलाही चालते आणि आपल्या नेहमीच्या १८ व्होल्टच्या मशीनलाही. वजन मात्र हातात जाणवतं.

२ एएच (अॅम्पिअर-अवर, बॅटरीची साठवण) आणि ४ किंवा ५ एएच यात फरक नुसता ‘किती वेळ चालते’ एवढाच नाही. २ एएचमध्ये पाच सेल असतात, ४-५ एएचमध्ये बहुधा दहा, दोन-दोनच्या जोडीनं. मशीननं ३० अॅम्पिअर मागितले तर लहान बॅटरीत प्रत्येक सेलवर ३० चा भार येतो, मोठीत १५ चा. त्यामुळं मोठ्या बॅटरीचा व्होल्टचा दाब कमी घसरतो, तेच मशीन जोरात चालतं आणि बॅटरी कमी तापते. ‘मशीन दमतंय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यानं आधी कुणाची तरी ५ एएच बॅटरी लावून बघावी.

मकिताच्या नकली बॅटऱ्या बाजारात भरपूर आहेत. स्टिकर, होलोग्राम, चार दिव्यांचा इंडिकेटर, सगळं हुबेहूब असतं. वजन मात्र लपत नाही. १८६५० आकाराचा एक चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा, म्हणजे दहा सेलच साडेचारशे-पावणेपाचशे ग्रॅम झाले. वर खोकं, पट्ट्या आणि सर्किट. ‘५ एएच’ लिहिलेली बॅटरी काट्यावर पाचशेच्या आत भरली, तर आत दहा सेल नाहीत. किराणा दुकानातला वजनकाटाही या तपासणीला पुरतो.

आता कामाकडे.

सुतारकाम आणि मॉड्युलर किचनसाठी १८ व्होल्टची गरजच नाही, हे मत अनेकांना पटत नाही. बॉशचं जीएसआर १२०-एलआय हे १२ व्होल्टचं मशीन ३० न्यूटन-मीटर देतं, चक (बिट धरणारा जबडा) १० मिमीचा, आणि कपाटाच्या आत हात घालून काम करताना त्याचं हलकेपण दहा तासांनी खांद्याला कळतं. ८ नंबरचा ३५ मिमी काळा स्क्रू प्लायमध्ये ते हसत मारतं. बिजागरीसाठी ३५ मिमीचं भोक पाडताना मात्र हळू गिअर लावा आणि दोन-तीन भोकांनंतर बिटातला भुसा काढा. जलद गिअरमध्ये दाबून धरलं की मोटर तापते आणि भोकाच्या कडा काळ्या पडतात. बिजागरीचे छोटे स्क्रू बसवताना क्लच (ठरावीक जोर आला की फिरणं सोडणारी आकड्यांची कडी) १ ते ३ वर ठेवा. पार्टिकल बोर्डमध्ये एकदा स्क्रूचा आटा खाल्ला की तो पुन्हा धरत नाही. शटर लोंबायला लागतं आणि दोष बिजागरीला दिला जातो.

पत्र्याच्या कामात ब्रँडचा फरक खरा दिसतो, म्हणून इथं थोडं थांबू. शेड, गोठा, गच्चीवरचा पत्रा, सगळीकडं ५.५ मिमीचा स्वतः भोक पाडणारा स्क्रू वापरतात. डोकं ८ मिमीचं षटकोनी, खाली रबराचा वॉशर. हे काम बहुतेक जण इम्पॅक्ट ड्रायव्हरनं करतात. मकिता डीटीडी १५३ चा टॉर्क १७० न्यूटन-मीटर, फेरे मिनिटाला ३,४००. डीटीडी १५२ चा १६५, फेरे २,९००. बॉश जीडीएक्स १८०-एलआय १८० आणि २,८००. डिवॉल्ट डीसीएफ ८८७ २०५ आणि ३,२५०. आकड्यांवर डिवॉल्ट पुढं. पण या स्क्रूचं टोक म्हणजे छोटं ड्रिल आहे आणि लोखंडी पर्लिनमध्ये (पत्र्याखालच्या आडव्या आधारात) त्याला १,८०० ते २,५०० फेरेच मानवतात. तीन हजारांवर फिरवलं की टोक निळं पडतं, धार जाते आणि स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. मिस्त्री आणखी दाबतो, स्क्रू वाकतो, पत्र्याला पोचा येतो. ‘माल खराब आहे’ म्हणून अख्खी पिशवी परत करायला जातात, आणि चूक असते बोटाची. डीटीडी १५३ वापरत असाल तर ट्रिगर दोन तृतीयांशच दाबा. डिवॉल्टच्या ८८७ ला वेगाचे तीन टप्पे आहेत, त्यातला पहिला १,००० चा आणि दुसरा २,८०० चा. दुसरा लावून ट्रिगर थोडा सैल ठेवायचा. ब्रशवालं, स्वस्त डीटीडी १५२ या एका कामात महागड्या १५३ पेक्षा अंमळ सरळ पडतं, कारण त्याचा वेगच कमी आहे.

दुसरी अडचण वॉशरची. स्क्रू टेकल्यावर रबर टोपीच्या कडेपर्यंत फुगलं की थांबायचं. इम्पॅक्टला क्लच नसतो. अर्धा सेकंद जास्त धरला तरी रबर कडेबाहेर येतं आणि चिरतं. त्या दिवशी काही दिसत नाही. उन्हाळाभर रबर वाळतं आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की स्क्रूच्या बुडातून थेंब यायला लागतात. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, गगनबावडा-राधानगरीच्या बाजूला तर चार महिने थांबत नाही. तिथं या एका चुकीपायी अख्खं छप्पर सिलिकॉननं माखलेलं दिसतं. ज्याला हाताचा अंदाज नाही त्यानं शेवटचा अर्धा फेरा क्लचच्या ड्रिलनं द्यावा. वेळ जातो, पण गळत नाही.

भिंतीत भोक पाडायचं तर भिंत कसली आहे ते आधी बघा. भाजक्या विटेत ‘इम्पॅक्ट ड्रिल’ म्हणून विकलं जाणारं, म्हणजे ठोक्याची सोय असलेलं कुठलंही १८ व्होल्टचं मशीन ६-८ मिमीचं भोक आरामात पाडतं. स्लॅब, बीम आणि कॉलम ही दुसरी गोष्ट. आपल्या काँक्रीटमधली खडी काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. बिटाचं टोक सिमेंटमध्ये असतं तोवर मशीन पुढं जातं, खडीवर आलं की नुसतं किरकिरतं. डीएचपी ४८५ मिनिटाला २८,५०० ठोके देतं हे खरं, पण ते दोन दातेरी चकत्यांच्या घासण्यातून येणारे बारीक ठोके असतात. एसडीएस (खाचांच्या दांड्याचं बिट घेणाऱ्या) रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबानं पिस्टन मारतो. ठोके कितीतरी कमी, पण प्रत्येकात मकिता डीएचआर २०२ मध्ये सुमारे २ ज्यूल आणि डिवॉल्ट डीसीएच १३३ मध्ये २.६ ज्यूल ताकद असते. काँक्रीटमध्ये दिवसाला पाच-सहा भोकांच्या वर काम असेल तर ड्रिलवर जोर काढू नका, हॅमर घ्या. या गटात डिवॉल्टला पहिला नंबर द्यायला हरकत नाही. पन्हाळ्याकडच्या जांभ्याच्या भिंतीत याच्या उलट. तिथं ठोका बंद करून नुसतं फिरवायचं, नाहीतर ८ चं भोक १० चं होतं आणि प्लॅस्टिकचा प्लग आत नुसता फिरतो.

लोखंडाला भोक पाडताना वेग हेच सगळं. साध्या लोखंडात ४ मिमीच्या बिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे चालतात, १० मिमीला आठशेच्या आत हवेत. म्हणून ४ नं आधी पाडायचं, मग गिअर १ वर टाकून १० मारायचं. डीएचपी ४८५ चा हळू गिअर ५०० चा आहे, तो बरोबर बसतो. स्टेनलेसला याच्या निम्मा वेग, दाब जास्त आणि तेलाचा थेंब. वेगात फिरवून दाब कमी ठेवला की पृष्ठभाग घासून कडक होतो, मग नवीन बिटही चालत नाही. मोठं बिट पलीकडं बाहेर पडताना अडकतं आणि मशीन मनगट पिळतं. बाजूचा दांडा खोक्यात ठेवून काम करणाऱ्यांची मनगटं याचमुळं सुजतात.

नट-बोल्टाला एक इशारा पुरे. एम१० च्या ८.८ ग्रेड बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात. १८० चं मशीन ‘टकटकटक’ तीन सेकंद धरलं तर बोल्ट ताणला जातो. इम्पॅक्टनं टेकवायचा, शेवटचं घट्ट करणं टॉर्क पान्यानं. ट्रकच्या चाकाला यातलं काहीच चालणार नाही. तिथं मकिता डीटीडब्ल्यू १००२ किंवा डिवॉल्ट डीसीएफ ८९९ अशी हजाराच्या घरातली मशीनं लागतात.

बॅटरीचा ग्राइंडर फॅब्रिकेशनच्या दुकानात घेऊ नये. ५ एएच बॅटरीत १८ गुणिले ५, म्हणजे ९० वॅट-अवर ऊर्जा. कापताना ग्राइंडर ६०० वॅट ओढत असेल तर नऊ मिनिटांत खेळ खलास. साइटवर, शिडीवर, चार अँगल कापायला ठीक. घेतलाच तर चकती त्याच मापाची लावा. चार इंचीचं मधलं भोक १६ मिमी, पाच इंचीचं २२.२३. गार्ड काढून चार इंची मशीनला पाच इंची चकती चढवण्याची हौस आपल्याकडं फार आहे. बोटं गेल्यावर ती फिटते.

दुरुस्तीच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहे, पण अर्धाच. उद्यमनगरात वायरवाल्या ड्रिलचं जळालेलं आर्मेचर गुंडाळून देणारे कारागीर आहेत. ब्रशलेस मशीनमध्ये गुंडाळण्यासारखं आर्मेचरच नसतं. कंट्रोलर जळला की स्टेटरसकट अख्खा संच बदलावा लागतो आणि त्याची किंमत नव्या मशीनच्या बरीच जवळ जाते. फाउंड्रीत म्हणूनच विचार करून घ्या. बिडाची बारीक भुकटी मोटरच्या चुंबकाला चिकटते, मोल्डिंगची वाळू बेअरिंगमध्ये जाते. ती उडवायला कंप्रेसरचा सहा-सात बारचा झोत जवळून मारला, की धूळ बाहेर यायच्या ऐवजी बेअरिंगच्या आत बसते. दाब कमी करून, वीतभर लांबून, मशीनच्या हवेच्या फटींना तिरका झोत द्या. अशा जागी ब्रशवालं बॉश १८०-एलआय मला जास्त पटतं. कार्बन झिजले की ठिणग्या वाढतात, जळका वास येतो, कार्बन बदलले की मशीन पुन्हा उभं.

चक डुलायला लागला तर मशीन फेकू नका. जबडे पूर्ण उघडले की आत तळाशी एक स्क्रू दिसतो. तो उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतो. हे माहीत नसल्यानं किती जणांनी त्याचं डोकं खाल्लंय, त्याची गणती नाही. तो काढला की चक नेहमीच्या आट्यानं, घड्याळाच्या उलट, सुटतो. गिअरची पट्टी मशीन फिरत असताना सरकवणं आणि पूर्ण थांबायच्या आत उलटं फिरवणं, या दोन सवयींनी गिअरबॉक्स जातो. कुठल्याही कंपनीचा.

बॅटरीत सेल बदलून देणारेही आता मिळतात. सेल कुठला टाकणार, ते विचारा. ड्रिलला २० ते ३० अॅम्पिअर सलग देणारा सेल लागतो. लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल दिसायला तसाच असतो, पण त्याला पाचाच्या वर झेपत नाही. आठवडाभर मस्त चालतं, मग तापून मान टाकतं.

चार्जिंगला साधारण ० ते ४५ अंश ही सेलची मर्यादा. पत्र्यावर उन्हात तापलेली बॅटरी चार्जरवर घातली तर दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. ती बिघडलेली नसते, निवायची वाट बघत असते. मकिताचा डीसी १८ आरसी चार्जर पंख्यानं बॅटरी थंड करत ५ एएच पाऊण तासात भरतो. स्वस्त सेटमधल्या डीसी १८ एसडीला त्यालाच ११० मिनिटं लागतात. सेटच्या किमतींची तुलना करताना हा फरक धरा, कारण दोन बॅटऱ्या आणि जलद चार्जर असला की काम अडत नाही. मंडपाच्या जनरेटरवर चार्जर लावू नका, दाब वरखाली झाला की पहिला तोच जातो. आणि २०१९, २०२१ सारखं पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं, तर भिजलेली बॅटरी कितीही वाळवली तरी चार्ज करायची नाही. आत गाळ राहतो, पट्ट्या गंजतात, आठवड्यांनी आग लागू शकते. मशीन उघडून, धुऊन, वाळवून बऱ्याचदा वाचतं.

मग घ्यायचं काय? सुताराला बॉश १२ व्होल्ट. पत्रा, ट्यूब आणि किरकोळ लाकूडकाम एकत्र करणाऱ्याला मकिता एलएक्सटीचा डीएचपी ४८५ आणि इम्पॅक्टचा जोड, कारण १६९ मिमी लांबीचं ते ड्रिल अडचणीत शिरतं आणि घराणंही मोठं आहे. काँक्रीटचं आणि जाड लोखंडाचं काम जास्त असेल तर डिवॉल्ट. इंगकोचं २० व्होल्ट घराणं स्वस्त आहे, महिन्यातून चार वेळा मशीन काढणाऱ्या घरमालकाला चालेल. रोज आठ तास वापरणाऱ्यानं तिकडं वळू नये.

पैसे देण्याआधी दुकानात पाच मिनिटं काढा. सरळ १० मिमीचं बिट चकात धरून हळू गिअरवर फिरवा, टोक डोळ्यांना डुलताना दिसलं तर दुसरा नग मागा. ट्रिगर इतका हळू दाबा की चक मोजता येईल असा फिरला पाहिजे, धक्क्यानं सुरू होत असेल तर स्विच बरा नाही. सोडल्यावर लगेच थांबला पाहिजे. बॅटरीवरची बनावटीची तारीख वाचा, दोन वर्षं पडून राहिलेली घेऊ नका. जीएसटीच्या बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या. बॅटरी आणि चार्जरची वॉरंटी मशीनच्या वॉरंटीत धरली आहे का, आणि दुरुस्ती इथंच होते की मशीन पुण्याला पाठवतात, हे दोन्ही तिथंच विचारा. पुण्याला जात असेल तर किती दिवसांनी परत येतं, तेही.